बाईंचा ब्लॉक

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक्स-रेच्या खोल्या ओलांडल्या की कॉरिडॉर अरुंद होतो आणि वितळलेल्या मेणाचा वास यायला लागतो. तिथे पेशंट कधी येत नाहीत, त्यांचे तुकडे येतात. झाकणाच्या डब्यांत, नंबर घातलेले. तुकडा मेणात बसवायचा, मेणाच्या त्या ठोकळ्याचे, म्हणजे ब्लॉकचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेच्या पट्टीवर चढवून रंगवायचे आणि पहिल्या मजल्यावर मॅडमकडे पाठवायचे. मॅडम सूक्ष्मदर्शकातून बघून सांगतात, तुकड्याच्या मालकाचं पुढे काय. खोलीचं काम म्हणाल तर एवढंच. पण इथे एक काप बिघडला की वर एखाद्याचं अख्खं घर बिघडू शकतं, हे खोलीत नोकरीला लागलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ऐकवलं जाई.

ऐकवणाऱ्या होत्या बाई. आणि ऐकून घेऊन ते मनाला लावून घेतलेला माणूस म्हणजे मायक्रॉन.

त्याचं हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, आणि या गड्याला जगातली कुठलीही गोष्ट त्याहून जाड मापाने बघताच येत नसे. फाटकापासून त्याच्या टेबलापर्यंत तीनशे अकरा पावलं. घरच्या जिन्याला बावीस पायऱ्या, त्यातली सातवी बोटभर उंच. कुणी गमतीने विचारलं, "काय मायक्रॉन, बायकोवर प्रेम किती?" तर तो खरंच विचारात पडे. भुतंखेतं, शकुन-अपशकुन यांची त्याला भीती नव्हती, कारण ती मोजता येत नसत. असा रोकडा माणूस. पुढचं सगळं त्याच्याच बाबतीत घडलं, म्हणून सांगण्याजोगं.

बाईंनी त्याला घडवलं. लहानखुऱ्या, ताठ, शब्दाला महाग. कामात चूक दिसली तर त्या ओरडत नसत. ज्याची चूक त्याच्या ट्रेमधली ती स्लाइड उचलून पालथी ठेवत आणि आपल्या कामाला लागत. पालथी स्लाइड म्हणजे पुन्हा कर. काय चुकलं ते तुझं तू शोध. मायक्रॉनने पहिल्या वर्षात इतक्या पालथ्या स्लाइड पाहिल्या, की घरी ताट पालथं दिसलं तरी तो आपलं काय चुकलं ते शोधू लागे.

बाईंचा जीव सगळ्यात जास्त होता तो लोखंडाच्या रंगावर. शरीरातलं लोखंड नुसतं दिसत नाही. पण एका आम्लाच्या मिश्रणात काप बुडवला, की जिथे लोखंड साठलंय तिथे गर्द निळा ठिपका उठतो. हे मिश्रण लोखंडाला इतकं भुकेलेलं, की स्टीलचा चिमटा बुडवला तरी खोटे निळे ठिपके काढून मोकळं होतं. म्हणून या कामाला सगळं काचेचं किंवा प्लास्टिकचं. बाई अंगठी, घड्याळ, केसांतली पिनसुद्धा उतरवायला लावत. म्हणत, "काट्याने काटा निघतो रे, पण लोखंडाने लोखंड शोधायचं नसतं."

आणि पेशंटच्या कापाबरोबर दर वेळी दुसरा एक काप रंगवायचा, ज्यात लोखंड आहेच हे आधीपासून ठाऊक असलेला. तो निळा झाला तर रंग खरा, आणि मगच पेशंटच्या कापावर विश्वास ठेवायचा. या दुसऱ्या कापाला म्हणतात कंट्रोल.

खोलीतला कंट्रोल खुद्द बाईंचा होता.

बाईंच्या शरीरात लोखंड साठत असे. जन्माचाच दोष. तुमच्या-आमच्या शरीरात घासातलं हवं तेवढंच लोखंड मुरतं, बाईंच्यात मुरतच राही. कातडी करड्या तांब्याच्या रंगाची झाली होती. उपाय एकच, दर महिन्याला बाटलीभर रक्त काढायचं. आणि ते कुणाला न देता ओतून द्यायचं, कारण या हॉस्पिटलात तसं रक्त घेत नसत. ज्या बाईने आयुष्यात पेन्सिलचं टोकसुद्धा वाया घालवलं नाही, तिला याचं फार लागे. पुढे पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये त्यांच्या यकृताचा वाटाण्याएवढा तुकडा तपासणीसाठी काढला. तपासणी झाल्यावर उरलेला ब्लॉक बाईंनी स्वतः आणून खिडकीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

"रक्त कुणी घेत नाही तर नाही," म्हणाल्या. "हे तरी लागू दे कामाला. कंट्रोल म्हणून माझ्याइतकी खात्रीची बाई शोधून सापडायची नाही."

सगळे हसले. मायक्रॉन मात्र ब्लॉककडे बघत राहिला. असं स्वतःला कापून वापरायला देणारं माणूस त्याने दुसरं पाहिलं नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या त्याला नऊ वर्षं झाली होती, गेल्या त्याला आठ. ब्लॉक ड्रॉवरमध्येच होता. आणि त्या ब्लॉकच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी अशा होत्या, ज्या मायक्रॉनने कुणाजवळ बोलून दाखवल्या नव्हत्या.

एक म्हणजे तो गार होत नसे. काप नीट निघावा म्हणून ब्लॉक आधी बर्फावर ठेवतात. बाकीचे ब्लॉक पाच मिनिटांत दगडासारखे गार पडत. बाईंचा वीस मिनिटांनी काढला तरी बोटांना कोमट लागे. जुनं मेण, वेगळ्या कंपनीचं असेल, असं मायक्रॉनने स्वतःला सांगून टाकलं होतं.

दुसरी गोष्ट हिशोबाची. तुकडा चार मिलिमीटर जाड, असं बाईच एकदा म्हणाल्या होत्या. चार मायक्रॉनचा एक काप धरला, तर एकही वाया न घालवता हजार काप. मायक्रॉनने एकट्याने नऊ वर्षांत काढले होते एक हजार सातशे त्र्याऐंशी. त्याच्या वहीत आकडा होता. त्याआधीचे बाईंचे वेगळेच. सुरुवातीची जाडी ऐकण्यात चूक झाली असणार. खरी जाडी बाईंच्या जुन्या रजिस्टरात मिळाली असती, आणि ते रजिस्टर वीस पावलांवरच्या स्टोअरमध्ये होतं. पण जन्मभर मोजत आलेल्या माणसाला काय मोजू नये हेही बरोबर कळतं. तो त्या कपाटाकडे फिरकला नाही.

तिसरी गोष्ट पालथ्या स्लाइडची. बाई गेल्यानंतर तीनदा असं झालं, की रंगवून ट्रेमध्ये सुलटी ठेवलेली स्लाइड तो हात धुऊन येईपर्यंत पालथी पडलेली. तिन्ही वेळा काहीतरी चुकलेलं निघालं. एकदा नंबर, दोनदा रंगाची बाटली. साफसफाईच्या मावशींचा धक्का लागला असेल, असं तो म्हणे. मावशी म्हणत, "मी कशाला हात लावतेय तुमच्या काचांना? उगाच आळ नको."

आता त्या दिवसाचं.

मायक्रॉनला एक धाकटी बहीण होती. दोन्ही किडन्या गेलेल्या, सहा वर्षं आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर. तिला दिवसाला अर्धा लिटर पाणी मोजून प्यावं लागे, आणि त्या बाटलीवर रेघा मायक्रॉनने मारून दिल्या होत्या. फारच तहान लागली की ती बर्फाचा खडा गालात धरून बसे. "दादा, तू बर्फावर मेण ठेवतोस, मी जीभ ठेवते," असं म्हणून स्वतःच हसे. हसताना ओठांना भेगा पडत. मायक्रॉनचीही किडनी तिला जुळत नव्हती, नवऱ्याचीही नाही. मृत दात्याच्या किडनीसाठी तिचं नाव यादीत होतं, आणि गेल्या वर्षभरात हातातली नस मशीनला साथ देईनाशी झाली होती. यादी सरकेपर्यंत ती टिकेल की नाही, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नसे.

सकाळचे साडेनऊ झाले होते. मायक्रॉनचा जोडीदार रजेवर होता. सर्जन स्वतःच खाली आले. उंच, कायम घाईत, पण जिन्यात मावशी भेटल्या तर थांबून गुडघ्यांची चौकशी करणारा माणूस. त्यांच्या हातात छोटा डबा होता.

"मायक्रॉन, एक किडनी आलीय. रंग बघून दोन हॉस्पिटलांनी हात जोडले," ते म्हणाले. "गंजलेल्या पत्र्यासारखी दिसते."

"लोखंड?"

"लोखंडच. दाता चौतीस वर्षांचा. लहानपणापासून रक्ताचा आजार, दर तीन आठवड्यांनी दुसऱ्यांचं रक्त चढवायचे. शेकडो अनोळखी माणसांचं रक्त. रक्त विरून गेलं, त्यातलं लोखंड मागे राहिलं. काल डोक्यात रक्तस्राव झाला." सर्जन क्षणभर थांबले. "आई म्हणाली, जन्मभर घेत आला, एकदा देऊन जायचं त्याच्या फार मनात होतं. आता त्या माउलीला रंग आवडला नाही म्हणून कसं सांगू मी?"

मायक्रॉनने डबा घेतला.

"निळं कुठे आहे तेवढं हवंय मला," सर्जन म्हणाले. "नुसतं नळ्यांमध्ये असेल तर वर्षभरात धुऊन जाईल, मी बिनधास्त लावतो. पण गाळण्यांमध्ये उतरलं असेल, तर सोडायची. अकराच्या आत सांगा. बर्फात ती काही कायम टिकत नाही."

तुकडा गोठवून मायक्रॉनने भरभर काप काढले. त्या यंत्राजवळचा चिमटा स्टीलचा, तो तिथे चालतो. बाईंच्या ब्लॉकचा एक काप काढून शेजारच्या काचेवर चढवला. मिश्रण ताजं बनवलं. घड्याळ उतरवलं, अंगठी उतरवली. प्लास्टिकचा चिमटा हाताशी ठेवला. सगळं रीतसर. तेवढ्यात फोन वाजला.

"दादा," बहीण म्हणाली. तिचा आवाज चोरट्यासारखा बारीक होता. "मला बोलावलंय. काही खाऊ-पिऊ नको म्हणाले. किडनी आलीय म्हणे, पण अजून नक्की नाही. तपासणी चाललीय."

मायक्रॉनने समोरच्या डब्याकडे पाहिलं.

"दादा, ऐकतोयस ना? ती तपासणी तुझ्याकडेच असते ना रे?"

"ये तू," तो कसाबसा म्हणाला. "सावकाश ये."

फोन ठेवला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने वर मॅडमना कळवलं, की ही किडनी जिला लागायची ती माझीच बहीण आहे. मॅडम म्हणाल्या, "आज दुसरं कुणी नाही. काप तुम्ही करा, बघायचं मी बघते. जमेल?" तो हो म्हणाला. मग त्याने चिमटा उचलला, काप मिश्रणात सोडले, ढवळले, धुतले, पुन्हा बुडवले.

वीस मिनिटांनी दोन्ही स्लाइड ट्रेमध्ये ठेवून तो हात धुवायला गेला.

परत आला तर कंट्रोलची स्लाइड पालथी होती.

मावशी खोलीत नव्हत्या. मायक्रॉनने स्लाइडकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून चाळीस मिनिटं. आपणच घाईत पालथी ठेवली असणार. त्याने ती सुलटी केली आणि जिना चढला.

मॅडमनी नियमाप्रमाणे आधी कंट्रोल लावला. बराच वेळ बघत राहिल्या. मग डोळा न काढताच म्हणाल्या, "हे काय आहे?"

"बाईंचा काप."

"बघा तुम्हीच."

मायक्रॉन वाकला. यकृताच्या पेशी दिसत होत्या, गुलाबी, शांत, एकेक ओळखीची. निळा ठिपका एकही नव्हता. ज्या तुकड्यात निळ्याशिवाय दुसरं काही नसायचं, तो कोऱ्या कागदासारखा स्वच्छ होता.

मॅडमनी किडनीची स्लाइड सरकवली. ती निळीभोर होती. नळ्या निळ्या, गाळण्या निळ्या, मधली जागासुद्धा निळी.

"एवढ्यावर विचाराल तर मी नाही म्हणेन," मॅडम म्हणाल्या. "पण कंट्रोलच आला नाही, तर मी हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. ही स्लाइड बाद. पुन्हा करा. सर्जनना मी थोपवते."

तो खाली धावला. या वेळी एकही पाऊल त्याने मोजलं नाही.

टेबलावर प्लास्टिकचा चिमटा होता तिथेच होता. कोरडा.

मिश्रणाच्या भांड्यात उभा होता तो स्टीलचा. त्याचं टोक खरवडल्यासारखं झालं होतं आणि टोकाभोवती निळा गाळ तरंगत होता.

चिमटा उचलताना हात चुकला होता. लोखंड शोधायला तो लोखंड घेऊन बसला होता. किडनीच्या कापावरचं अर्धं निळं खोटं होतं, वरून पडलेलं, त्याच्याच हाताने. कंट्रोल नेहमीसारखा निळा आला असता तर मॅडमनी विश्वास ठेवला असता. आणि बहीण तशीच परत गेली असती, बर्फाचा खडा गालात धरून.

मग त्याच्या लक्षात पुढची गोष्ट आली.

दोन्ही काप एकाच भांड्यात होते. एकाच गाळात.

खोटं निळं तरी कंट्रोलवर पडायलाच हवं होतं.

त्याने भांडं ओतून दिलं. नवं घेतलं. ड्रॉवर उघडून बाईंचा ब्लॉक हातात घेतला. हातांची थरथर अजून थांबली नव्हती.

"बाई, चुकलो," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. रिकाम्या खोलीत स्वतःचाच आवाज ऐकून त्याला लाजही वाटली नाही.

ब्लॉक त्याच्या तळव्यात होता, कोमट.

हात थांबले.

अकरा वाजून पंधरा मिनिटांनी मॅडमनी दुसऱ्यांदा कंट्रोल लावला. तो निळा होता, गर्द, नेहमीसारखा. मग किडनी. नळ्यांच्या आतल्या पेशींमध्ये निळे दाणे होते, भरपूर, पण जागच्या जागी. गाळण्या स्वच्छ. व्रण कुठेच नाही.

"सुंदर किडनी आहे ही," मॅडम हळूच म्हणाल्या, आणि फोन उचलला.

मायक्रॉनने त्यांना चिमट्याचं सगळं सांगितलं. लपवाछपवी त्याला जमतच नसे. मॅडमनी ऐकून घेतलं.

"पण मग पहिल्या कंट्रोलवर..."

"हो," मायक्रॉन म्हणाला. "पडायला हवं होतं."

मॅडमनी पहिली कंट्रोल स्लाइड पुन्हा बघायला मागितली. ती ट्रेमध्ये होती. पुन्हा पालथी. मॅडमनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "राहू दे."

किडनी दुपारी लागली. रक्त सोडल्यावर चौथ्या मिनिटाला टेबलावरच लघवी सुरू झाली, आणि मोठमोठ्या माणसांनी लहान मुलांसारख्या टाळ्या वाजवल्या, असं सर्जननी स्वतः खाली येऊन सांगितलं. "रंगावर गेलो असतो तर हिरा फेकला असता," म्हणाले. पुढच्या आठवड्यात बहिणीने पहिल्यांदा पेलाभर पाणी एका दमात प्यायलं. पिऊन झाल्यावर रिकाम्या पेल्याकडे बघत राहिली आणि रडली. मायक्रॉनही रडला. किती थेंब, ते त्याने मोजलं नाही.

ज्या मुलाला जन्मभर लोकांनी रक्त दिलं त्याने ती दिली, ज्या सर्जनने रंगाला भीक घातली नाही त्याने ती लावली. लोक त्या दोघांना दुवा देत, आणि ते योग्यच होतं. मायक्रॉनच्या मनात तिसरं एक नाव होतं. ते तो घेत नसे.

वर्ष गेलं. बहिणीची वर्षाची तपासणी झाली, किडनीतून सुईने काढलेला धाग्याएवढा तुकडा खाली आला. मायक्रॉनने तो रंगवला, प्लास्टिकच्या चिमट्याने. कंट्रोल गर्द निळा. बहिणीच्या कापात निळे दाणे शोधून शोधून तीन मिळाले. शेकडो अनोळखी माणसांचं लोखंड धुऊन गेलं होतं.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलची मोठी तपासणी होती, आणि तपासनिसांना प्रत्येक कंट्रोलचा उगम कागदावर हवा होता. आता टाळता येण्यासारखं नव्हतं. मायक्रॉन वीस पावलं चालून स्टोअरमध्ये गेला, कपाट उघडलं आणि बाईंचं रजिस्टर काढलं. पहिल्या पानावर जाडी होती, चार मिलिमीटर. ऐकण्यात चूक झालेली नव्हती. पुढे पानोपानी बाईंच्या बारीक, सरळ अक्षरात कापांचे क्रमांक. शेवटची नोंद बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाची, शनिवारची.

"कंट्रोल ब्लॉक आज संपला. शेवटचा काप क्रमांक ९४६. उरलेलं मेण वितळवून टाकलं, ब्लॉकखालची प्लास्टिकची कॅसेट धुऊन ठेवली. सोमवारी नवा शोधावा."

खाली सही.

त्या सोमवारी त्याने ड्रॉवर उघडला होता. ब्लॉक नेहमीच्या जागी होता. त्याच्या वहीतला काप क्रमांक एक त्याच सोमवारचा.

त्याने रजिस्टर मिटलं आणि तो खोलीकडे परत निघाला. कॉरिडॉरमध्ये बहीण उभी होती. गाल भरले होते, हातात पाण्याची बाटली, रेघा नसलेली.

"मॅडम म्हणाल्या, सगळं छान आहे. म्हटलं, दादाला तोंड दाखवून जावं," ती म्हणाली. "आणि ते बघायचंय मला. तुझ्या बाईंचं. ज्याच्यामुळे तू पुन्हा केलंस, ते."

चिमट्याचं आणि कोऱ्या कंट्रोलचं त्याने तिला सांगितलं होतं. बाकीचं काहीच नाही.

त्याने तिला खोलीत नेलं. ब्लॉक तो स्टोअरमध्ये जाण्याआधीपासून बर्फावर होता. अर्धा तास तरी झाला असेल. मायक्रॉनने तो उचलून तिच्या तळहातावर ठेवला. मेणात बसलेला वाटाण्याएवढा करडा तुकडा. बहिणीने दुसरा हात त्यावर धरला, पाखराचं पिल्लू धरावं तसा.

"आभार मानू का रे त्यांचे? हसशील."

"नाही हसणार."

ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाली. मग तिने मान वर केली. चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं नवल होतं.

"दादा, हे माझ्या हातापेक्षा गरम आहे."

तिच्या हातातून ब्लॉक घेऊन परत ठेवायला मायक्रॉन वळला, आणि थांबला. बर्फाची लादी सगळीकडे सपाट, कोरडी, पांढरी होती. जिथे बाईंचा ब्लॉक होता, तिथे मात्र वाटाण्याएवढा खोल खळगा पडला होता, आणि त्यात साठलेलं चमचाभर पाणी हलत होतं. एका लयीत, सावकाश, मिनिटाला बहात्तर वेळा. त्याने मोजलं.